आरसी ट्रकला ब्रशलेस मोटर आणि लायपो: चुकांसकट नोंदी

५ ऑक्टोबर

गाडी रिमोटवर चालणारी (आरसी), १/१० मापाची, फोर व्हील ड्राइव्ह, शॉर्ट कोर्स ट्रक. आत मूळची ५४० आकाराची २७ टर्न ब्रश मोटर आणि सहा सेलचा ७.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड पॅक. ब्रश झिजलेत, कम्युटेटर काळा पडलाय, गवतात शिरली की गाडीला धाप लागते. ब्रशलेस, म्हणजे ब्रश आणि कम्युटेटर नसलेली मोटर बसवायची हे ठरलं.

आज फक्त मोजमापं. बॅटरीशिवाय वजन २.३५ किलो. टायरचा व्यास ११० मिलिमीटर, म्हणजे एका फेरीत गाडी साधारण ३४५ मिलिमीटर पुढे जाते. पिनिअन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) १७ दात, ते ज्याला फिरवतं तो मोठा स्पर गिअर ६२. डिफरन्शिअलमधलं आतलं गुणोत्तर माहितीपत्रकात सापडलं नाही, म्हणून गाडी डब्यावर उचलून ठेवली, चाकांवर खडूची खूण केली आणि हाताने स्पर फिरवत गेलो. चारही चाकं सारखी फिरायला हवीत. एक जरी अडलं तरी हिशोब चुकतो. दहा फेऱ्या मोजून भागाकार केला: २.८५. एकूण गुणोत्तर ६२ ÷ १७ × २.८५ = १०.४.

मोटरच्या जागेची लांबी मोजायला विसरलो. ते पुढे निस्तरावं लागलं.

९ ऑक्टोबर

मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) यांचा जोड-संच घेतला. ३६५० आकार (३६ मिलिमीटर व्यास, ५० लांबी), दोन पोल (चुंबकाचे ध्रुव), रोटर कुठे आहे ते सांगणारा सेन्सर नसलेली, ४६०० केव्ही. ईएससी ६० अँपिअरचा. निवडीचं कारण आता लिहायला लाज वाटते: दुकानाच्या यादीत त्या किमतीला सर्वांत मोठा केव्ही हाच होता. मोठा आकडा म्हणजे दमदार मोटर असं डोक्यात बसलं होतं.

नवख्यांसाठी एवढंच, की केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. मोटरवर भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, तो हा आकडा. त्यातून ताकद कळत नाही. उलट, त्याच आकाराच्या मोटरमध्ये केव्ही जितका जास्त, तितका तेवढ्याच ओढीसाठी करंट जास्त लागतो. हे मला आधी ठाऊक नव्हतं असं नाही. यादी समोर आली की विसरायला होतं.

सोल्डरिंगमध्ये दोन तास गेले. ४० वॅटच्या इस्त्रीने १२ गेजची वायर तापतच नाही. वर सोल्डर चकाकतो आणि आत धरलेला नसतो. एक जोड नुसता ओढल्यावर हातात आला. शेजाऱ्यांकडून ८० वॅटची इस्त्री आणली, मग प्रत्येक जोड काही सेकंदांत झाला.

१२ ऑक्टोबर

लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) यायची होती, पण दम निघेना. जुन्याच निकेल पॅकवर गाडी सोडली. तीन मिनिटांत पॅकचा पांढरा प्लॅस्टिक कनेक्टर मऊ होऊन दोन्ही भाग एकमेकांना चिकटले. वायर कापून वेगळे केले. तो कनेक्टर ब्रश मोटरच्या करंटसाठीच ठीक. आता सगळीकडे जास्त करंट झेपणारे एक्सटी ६० कनेक्टर.

१६ ऑक्टोबर

दोन लायपो पॅक आले. २एस (दोन सेल एकापुढे एक), ७.४ व्होल्ट, ५००० एमएएच (मिलिअँपिअर-तास), वर ठळक अक्षरांत ६०सी, म्हणजे क्षमतेच्या साठपट करंट. ५ अँपिअर-तास गुणिले ६०, म्हणजे सलग ३०० अँपिअर देण्याचा दावा. ईएससी ६० चा, म्हणजे बॅटरीची काळजी मिटली, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलंय. तसंच ठेवतो.

कागदावरचा वेग: ४६०० × ७.४ = ३४,०४० फेरे, भागिले १०.४, गुणिले परीघ. ताशी ६८ किलोमीटर.

प्रत्यक्षात गाडी दोन मिनिटं सुसाट पळाली. मग थ्रॉटल पूर्ण दाबला की आचके. पाचव्या मिनिटाला ईएससीने ताकद कापली, लाल दिवा लुकलुकला. थांबून अर्ध्या मिनिटाने परत चालू केली की पुन्हा ठीक, पुन्हा आचके. मोटर ८८ अंश सेल्सिअस, इन्फ्रारेड थर्मामीटरने मागच्या झाकणावर मोजून.

२६ ऑक्टोबर

मधले दहा दिवस वाया. संशय आधी ईएससीवर, मग मोटरच्या वायरींवर, मग रिसीव्हरवर. ईएससीचं थ्रॉटल कॅलिब्रेशन चार वेळा केलं. मोटरच्या तीन वायरींच्या अदलाबदली करून पाहिल्या, त्याने फक्त दिशा उलटते. (सेन्सरवाल्या मोटरवर हा उद्योग करू नये, तिथे वायरींचा क्रम ठरलेला असतो.) ईएससी परत पाठवायच्या बेतात होतो.

शेवटी मित्राचा वॅटमीटर बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये जोडला आणि टेपने गाडीच्या टपावर चिकटवला. हे खेळणं सर्वांत उच्च करंट आणि सर्वांत कमी व्होल्टेज लक्षात ठेवतं. एक फेरी मारून आणली:

उच्च करंट ६४ अँपिअर. किमान व्होल्टेज ६.०.

उभ्या गाडीत तोच पॅक ८.१ दाखवत होता. म्हणजे थ्रॉटल दाबल्या क्षणी दोन व्होल्ट गायब. ईएससी दर सेलला ३.२, म्हणजे ६.४ च्या खाली गेल्यावर कापतो. तो बिचारा सांगितलेलं काम करत होता.

२७ ऑक्टोबर

चार्जरवर आंतरिक रोध मोजायची सोय आहे, ती आयुष्यात पहिल्यांदा वापरली. एक सेल १४ मिलिओहम, दुसरा १७. बेरीज ३१. ६४ अँपिअर × ०.०३१ = जवळपास दोन व्होल्ट. हिशोब तंतोतंत लागला. करंटचा वर्ग गुणिले रोध केला तर त्या क्षणी पॅकच्या पोटात १२५ वॅटच्या आसपास उष्णता. माझ्या सोल्डरिंग इस्त्रीपेक्षा जास्त, तीही प्लॅस्टिकच्या डबीत बंद.

मग पॅक काट्यावर ठेवला: २०५ ग्रॅम. मित्राचा त्याच मापाचा, त्याच क्षमतेचा चांगला पॅक २७८ ग्रॅम. रिकामा करून चार्ज केला तेव्हा आत गेले ३६०० एमएएच. ६०सी सोडाच, ५००० सुद्धा खरे नव्हते. बडा घर पोकळ वासा.

तेव्हापासून माझी रीत: पॅक हातात आला की आधी वजन, मग पहिल्या चार्जनंतर रोध, दोन्ही आकडे मार्करने पॅकवरच लिहायचे. रोध मोजताना पॅक खोलीच्या तापमानाला हवा. गार पॅक जास्त दाखवतो, नुकताच चालवून आणलेला कमी. सीचा आकडा मी आता वाचतही नाही.

खर्चाचं बोलायचं तर त्या दोन पॅकांच्या पैशांत एक चांगला पॅक येऊन कनेक्टरांचं पाकीटही निघालं असतं.

२ नोव्हेंबर

चांगला २एस पॅक आला. वजन २७४ ग्रॅम, रोध प्रत्येक सेलला ३ मिलिओहम. गाडी अक्षरशः वेगळी झाली. पुढची चाकं उचलू लागली, आचके नाहीत, कापणं नाही. भाचा चालवत होता, मी बाजूला उभा राहून स्वतःवर खूश.

आठव्या मिनिटाला तो म्हणाला, “मामा, काहीतरी गोडसर जळल्यासारखं येतंय.”

मोटर १०८ अंश. वाइंडिंगवरच्या व्हार्निशचा वास. वॅटमीटरवर उच्च करंट ९२ अँपिअर, किमान व्होल्टेज ७.४. गुणाकार करून पाहिला: मरतुकड्या पॅकवर मोटरला जास्तीत जास्त ३८४ वॅट मिळत होते, आता ६८०.

हे कळायला मोटर जाळावी लागली. वाईट पॅक इतके दिवस मोटरला वाचवत होता. २.६ किलोची फोर व्हील ड्राइव्ह गाडी, १७ दातांच्या पिनिअनवर, गवतात, त्या मोटरला पहिल्या दिवसापासून झेपणारी नव्हती. फक्त बॅटरीच तेवढं देत नव्हती म्हणून ते झाकलं गेलं. बॅटरी सुधारली आणि चूक पुढच्या भांड्यात सांडली.

५ नोव्हेंबर

मोटर गार झाल्यावर फिरते, पण बदलली आहे. बिनभाराची पूर्वीपेक्षा जोरात गरगरते आणि नुसतं गरगरायलाही आधीपेक्षा जास्त करंट घेते. जमिनीवर ठेवली की ओढ नाही. ही लोहचुंबक उतरल्याची लक्षणं. निओडिमिअम चुंबक फार तापला की शक्ती कायमची गमावतो, गार केल्याने ती परत येत नाही. वेग वाढला म्हणून कोणी खूश होऊ नये.

तरी शिकण्यापुरतं पिनिअन १३ चं लावून पाहिलं. गुणोत्तर १३.६, कागदावरचा वेग ५२. तापमान ९४. मी ८० च्या वर गेलं की थांबायचं असं धरलंय, म्हणून हेही नाही. मोटर कपाटात.

८ नोव्हेंबर

या वेळी उलट्या बाजूने सुरुवात. आधी वजन, मग हवा तो वेग, मग व्होल्टेज, आणि केव्ही सर्वांत शेवटी, उत्तर म्हणून.

मला गवतात आणि मातीत चालवायचीय, खरे ४५ किलोमीटर पुष्कळ झाले. प्रत्यक्ष वेग कागदाच्या चार-पंचमांश धरला तर कागदावर ५५ हवेत. गुणोत्तर १३ ते १४ ठेवायचं. तेवढ्यासाठी मोटरला ३६,००० च्या आसपास फेरे पुरेत. २एसवर त्याला ४९०० केव्ही लागेल, ३एसवर (११.१ व्होल्ट) ३३००.

३एस का घेतलं, त्याबद्दल थोडं. ‘जास्त व्होल्टेज म्हणजे मोटर थंड’ असं सरसकट सांगितलं जातं, ते अर्धंच बरोबर आहे. त्याच आकाराची मोटर, तोच वेग, तोच भार असेल, तर कमी केव्हीच्या मोटरला करंट कमी लागतो. पण तिचे वेढे जास्त आणि तार बारीक असते, त्यामुळे आतली उष्णता जवळपास तेवढीच राहते. फायदा होतो तो बॅटरी, वायरी, कनेक्टर आणि ईएससीला. मोटर थंड ठेवायची तर मोटरचा डबाच मोठा घ्यायचा आणि पिनिअनचे दात कमी करायचे. म्हणून दोन्ही केलं: ३एस, आणि ३६५० ऐवजी ३६६०, चार पोल.

४६०० वाल्यावर ३एस लावून पाहायचा मोह मध्यंतरी झाला होता. पूर्ण भरलेला ३एस १२.६ व्होल्ट असतो; ४६०० ने गुणलं की ५७,९६० फेरे. त्या मोटरची मर्यादा ५०,००० लिहिलेली. नव्या ३३०० चे ४१,५८० होतात.

सेन्सरवाली घ्यावी का यावर एक संध्याकाळ घालवली. अगदी सावकाश, दगडांवरून चढवायची गाडी असती तर घेतली असती. बिनसेन्सरची मोटर निघताना क्षणभर अडखळते. मला तो अडखळा चालतो, चिखलात त्या नाजूक सेन्सर वायरीची उस्तवार नको. ईएससी मात्र १२० अँपिअरचा. आधीच्या ईएससीच्या माहितीपत्रकात ३एसवर किती केव्हीपर्यंत चालेल याची वेगळी मर्यादा बारीक अक्षरांत होती, आणि ३३०० त्यात बसत नव्हता. हे कोष्टक विकत घेण्याआधी वाचायचं असतं.

१५ नोव्हेंबर

नवी मोटर बसवली. म्हणजे बसवायला घेतली.

एक: जुन्या मोटरपेक्षा १० मिलिमीटर जास्त लांब आहे, मागचं टोक गिअरच्या आवरणाला टेकतं. ५ तारखेला... नव्हे, ५ ऑक्टोबरला न मोजलेली लांबी ती हीच. आवरणाची कड कानसने घासली, पाऊण तास.

दोन: हिचा शाफ्ट ५ मिलिमीटरचा, जुन्या मोटरचा ३.१७ चा. जमवलेली चारही पिनिअनं निरुपयोगी. १३ आणि १५ दातांची नवी मागवली, चार दिवस गाडी टेबलावर.

तीन: जुने १० मिलिमीटर लांबीचे एम३ स्क्रू घट्ट करताना शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, आतून किंचित खरखर. स्क्रूचं टोक वाइंडिंगपर्यंत पोचत होतं. अजून अर्धा फेर दिला असता तर तारेचं व्हार्निश सोलून शॉर्ट. ६ मिलिमीटरचे लावले. स्क्रू आवळताना शाफ्ट फिरवत राहायची सवय यातून वाचवते.

२० नोव्हेंबर

आधी मुद्दाम २एसवरच. पिनिअन १५, कागदावर ४३ किलोमीटर. पंधरा मिनिटं गवतात: मोटर ६१ अंश, ईएससी ५२. ज्याला एवढा वेग पुरतो त्याने इथेच थांबावं, हे मनापासून सांगतो. मीही थांबायला हरकत नव्हती.

सोळाव्या मिनिटाला करकर आवाज, गाडी उभी, मोटर मात्र फिरतेय. स्परचे नऊ दात गुळगुळीत. दातांमधली फट कागदाची पट्टी घालून नीट लावली होती. पण मोटरचे स्क्रू सैल झाले आणि मोटर सरकली. थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावलं होतं, स्क्रूवरचं तेल पुसलं नव्हतं. तेलावर थ्रेडलॉक धरत नाही. नवा स्पर, स्क्रू थिनरने धुऊन पुन्हा लावले. पिनिअन शाफ्टवर पकडून ठेवणाऱ्या ग्रब स्क्रूचंही तेच, आणि तो शाफ्टच्या सपाट बाजूवरच बसला पाहिजे.

२४ नोव्हेंबर

३एस, ५००० एमएएच, दोन पॅक. ३९२ ग्रॅम, प्रत्येक सेल ३ मिलिओहमच्या आसपास. उंची जास्त असल्याने मूळची पट्टी लागत नाही. वेल्क्रोचे दोन पट्टे वापरले. माझा चार्जर ५० वॅटचा, १२.६ व्होल्टला ५ अँपिअर म्हणजे ६३ वॅट होतात, त्यामुळे तो ४ च्या आतच चालतो आणि चार्जिंग लांबतं. नवा चार्जर सध्या घेणार नाही.

पिनिअन १५ वरच ठेवून पाहिलं: कागदावर ६४, आठ मिनिटांत मोटर ८६. तिथेच थांबवलं. १३ लावलं: कागदावर ५६, जीपीएसने ४६. गवतात ७२ अंश, कडक मातीवर ६४. उच्च करंट ७८, किमान व्होल्टेज ११.४. सतरा मिनिटांत ४००० एमएएच खर्च. शेवटचा पाचवा हिस्सा पॅकमध्ये राखूनच थांबतो.

३० नोव्हेंबर

या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक, आणि तीही सगळं जुळल्यावर.

वापरून झालेला पॅक काढून ठेवला, भाचा आला, त्याने चुकून तोच परत लावला. पाचवा हिस्सा राखायचा माझा नियम असूनही पॅक त्या वेळी ८.९ व्होल्टच्या आसपास उतरलेला असणार. ईएससी चालू होताना व्होल्टेज बघून सेल किती ते स्वतः ओळखतो. ९ च्या खाली दिसलं की त्याच्या लेखी २एस. मग कापायची मर्यादाही २एसची, ६.४. तीन सेल मिळून ६.४! गाडी मंद पण निमूट चालत राहिली. काढून पाहिलं तेव्हा एक सेल २.३ वर आणि पॅकचं पोट फुगलेलं.

भाच्याला दोष नाही, चार्ज केलेले आणि वापरलेले पॅक मी एकाच खोक्यात ठेवत होतो. फुगलेला पॅक पुन्हा चार्ज करायचा नाही, कितीही जीवावर आलं तरी. बाहेर, उघड्यावर, गाडीच्या हेडलाइटचा बल्ब जोडून पूर्ण रिकामा केला आणि ई-कचऱ्यात दिला.

ईएससीमध्ये स्वयंचलित ओळख बंद करून ३एस पक्कं केलं, मर्यादा दर सेलला ३.४. चालू करताना किती बीप वाजतात ते आता दोघंही मोजतो: तीन. शिवाय बॅलन्स वायरीला (प्रत्येक सेलपासून बाहेर आलेल्या बारीक वायरींना) लावायचा छोटा व्होल्टेज भोंगा घेतला. तो आधी ३.६ वर लावला तर थ्रॉटल दाबताच कोकलायचा, ३.४ वर गप्प असतो आणि खरी वेळ आली की बोलतो.

७ डिसेंबर

सलग तीन वेळा चालवली, मध्ये वीस-वीस मिनिटं मोटर गार होऊ देत. ६८, ७०, ७१ अंश. स्पर शाबूत. रोध पुन्हा मोजला: ३, ३, ४.

तिसऱ्या फेरीत उडीवरून उतरताना मागचा डावा ड्राइव्हशाफ्ट पिळून तुटला. प्लॅस्टिकचा होता. स्टीलची जोडी मागवलीय, यायला आठवडा. तोवर पॅक दर सेलला ३.८ व्होल्टवर आणून डब्यात ठेवलेत.